पदराचे टोक कोणाच्या हाती?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि धर्मग्रामाच्या शाळेचे व्यवस्थापक या नात्याने आम्ही मुख्याध्यापिका सिस्टरांसमवेत फाटकापाशी उभे होतो. गणवेश, बूट, नखे, केस यांची पाहणी चालली होती. इतक्यात नववीतील एक मुसलमान विद्यार्थिनी आली. गणवेश स्वच्छ, इस्त्री केलेला. डोक्याभोवती मात्र राखाडी रंगाचा रुमाल व्यवस्थित गुंडाळून टाचणीने अडकविलेला. आठवीपर्यंत हीच मुलगी दोन वेण्या घालून येत असे. रुमाल गणवेशात बसत नाही, तो काढून दप्तरात ठेवावा, असे आम्ही तिला सौम्य शब्दांत सांगितले. तिने एकवार आमच्याकडे पाहिले, मग सिस्टरांच्या मस्तकावरील वस्त्राकडे पाहिले आणि खालच्या आवाजात विचारले, "सिस्टरांनी घेतलेला चालतो ना, फादर?"

त्या विचारण्यात उद्धटपणा नव्हता. "बाळ, सिस्टरांचे ते व्रत आहे," असे उत्तर आम्ही दिले आणि ते आम्हांला त्या वेळी पुरेसे वाटले. मुलीने रुमाल काढला नाही. ती घरी परत गेली, ती पुन्हा शाळेत आलीच नाही. पंधरा दिवसांनी तिची आई शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी कार्यालयात आली. त्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. लेखनिकाने त्यात नेहमीप्रमाणे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले, आणि आम्ही खाली सही केली.

त्या सहीने आमची पाठ सोडलेली नाही. मुसलमान तरुणींचा हिजाब हा विषय वर्तमानपत्रांतून, न्यायालयांतून आणि आपल्या अंगणातील गप्पांतूनही वारंवार येतो. त्यावर मत देणे सोपे असते. आम्हीही मत दिले होते, आणि त्या मताची किंमत एका मुलीने मोजली. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे, आपल्या श्रद्धेच्या उजेडात विचार करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम स्वतःच्या घरात डोकावून पाहू. आमच्या लहानपणी रविवारच्या मिस्साला जाताना आजी चर्चच्या पायऱ्यांपाशी क्षणभर थांबे आणि लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेई. गोव्यातील ख्रिस्ती स्त्रिया चर्चला जाताना 'ओल' नावाचे पांढरे वस्त्र डोक्यावरून पांघरीत असत. ही केवळ रूढी नव्हती. तो चर्चचा नियमही होता. १९१७ सालच्या धर्मसंहितेतील १२६२ क्रमांकाच्या कलमाने स्त्रियांनी उपासनेच्या वेळी, विशेषतः परमप्रसादासाठी पुढे येताना, मस्तक झाकलेले असावे असे सांगितले होते. त्याच्या मुळाशी संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील अकरावा अध्याय होता. पुढे १९७६ साली रोमच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने एका घोषणापत्रात स्पष्ट केले, की हा विशिष्ट काळातील रीतिरिवाजाचा भाग होता व तो आता बंधनकारक नाही. १९८३ सालच्या नव्या धर्मसंहितेत तर त्याचा उल्लेखही उरला नाही. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आपल्या अनेक भगिनींच्या आईने जो नियम पाळला, तो त्यांच्या मुलींना ठाऊकही नाही. आपल्या घरोघरी मात्र पवित्र मरियेची मूर्ती आहे. तिच्या मस्तकावर वस्त्र का, असे एकही मूल विचारीत नाही.

याहून कटू आठवणही आपल्या इतिहासात आहे. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने एक फर्मान काढून नवख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. त्या बंदीतून पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळीदेखील सुटली नाही. अंगावरच्या कापडावरून श्रद्धा ओळखावी आणि दंडाच्या धाकाने ते कापड बदलावे, हा मोह कोणा एका धर्माचा नाही. तो सत्तेचा मोह आहे, आणि आपणही त्याला बळी पडलो आहोत.

आता मुसलमान बांधवांच्या ग्रंथाकडे वळू. कुराणात 'हिजाब' हा शब्द मुख्यत्वे पडदा किंवा आडोसा या अर्थाने येतो. डोक्यावरच्या वस्त्राला तेथे 'खिमार' म्हटले आहे. स्त्रियांनी ते वस्त्र छातीवरून घ्यावे ही आज्ञा चोविसाव्या सूरहच्या एकतिसाव्या आयतीत आहे. तिचा नेमका अर्थ काय, केस झाकणे अनिवार्य आहे काय, यांवर परंपरेतील बहुतेक आचार्यांचे एक मत आहे आणि आधुनिक काळातील काही अभ्यासकांचे वेगळे. त्या वादात पडण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु एक गोष्ट कोणत्याही वाचकाच्या ध्यानात येईल. त्या आयतीच्या आधीची, म्हणजे तिसावी आयत पुरुषांना उद्देशून आहे आणि तीत त्यांना आपली नजर खाली ठेवण्यास सांगितले आहे. स्त्रीच्या वस्त्राआधी पुरुषाच्या डोळ्याचा विचार आला आहे.

हे वाचताना आम्हांला डोंगरावरील प्रवचनाचे स्मरण झाल्यावाचून राहिले नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू कामुक दृष्टीविषयी बोलतो, तेव्हा तो सगळा भार पाहणाऱ्यावर टाकतो. स्त्रीने काय नेसले होते, याची चौकशी तो करीत नाही. या कसोटीवर आम्ही स्वतःला तपासले, तेव्हा मान खाली गेली. गेल्या पंचवीस वर्षांत युवतींच्या मेळाव्यांतून पोशाखाच्या मर्यादेवर आम्ही कितीतरी वेळा बोललो असू. युवकांच्या मेळाव्यात नजरेच्या मर्यादेवर स्वतंत्रपणे एकदाही बोललो नाही. लग्नाच्या मांडवात मुलीच्या बाह्यांची लांबी मोजणारे आपले डोळे त्याच मांडवात मुली न्याहाळणाऱ्या मुलग्यांकडे मात्र वळत नाहीत.

दाखला नेण्यासाठी आलेल्या त्या आईकडे आता परत येऊ. तिला पाहण्यापूर्वी आमचा ठाम समज होता, की मुलीवर घरातून जबरदस्ती झाली असणार. कोणी काका, कोणी मौलवी मागे असणार. ती माउली स्वतः साधी ओढणी खांद्यावर घेऊन आली होती. ती म्हणाली, "फादर, मी तिला काही सांगितलं नाही. मी स्वतः ओढणीच घेते. तिचे अब्बा बाहेरगावी असतात. ते फोनवर म्हणाले, शिक्षण पूर्ण कर, बाकीचं तुझं तू बघ. मैत्रिणी घेतात, मोबाईलवर बघून वेगवेगळ्या तऱ्हेनं बांधायला शिकली, नमाजही वेळेवर पढायला लागली. मग मी कशाला तिचं मन मोडू?"

या चार वाक्यांत आजच्या तरुण मुसलमान स्त्रीचा अर्धा इतिहास आला आहे. अनेक ठिकाणी आईने जे घेतले नव्हते, ते मुलीने आपणहून घेतले आहे. त्यात श्रद्धा आहे, मैत्रिणींची सोबत आहे, आपली ओळख जपण्याची ओढ आहे आणि नटण्याची हौसही आहे. शालीन वेशाची आता जगभर एक बाजारपेठ झाली आहे. मोठमोठ्या युरोपीय कंपन्यांनी भरजरी अबाये विकण्यास काढले. क्रीडासाहित्याच्या कंपन्यांनी खेळाडू मुलींसाठी डोक्यावरचे आवरण बनविले. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या व ऑस्ट्रेलियात वाढलेल्या आहेदा झानेट्टी या शिलाईतज्ज्ञ स्त्रीने पोहण्यासाठी अंगभर पोशाख तयार केला आणि त्याला 'बुर्किनी' हे नाव दिले. हे पाहून काही जण हसतात: झाकण्यासाठी घेतलेले वस्त्र जर लोकांचे डोळे वेधून घेऊ लागले, तर मग शालीनता उरली कोठे?

प्रश्न खोटा नाही. मुसलमान स्त्रियांमध्येही तो विचारला जातो. पण उत्तर देण्यापूर्वी संत थॉमस अक्वायनस यांना विचारावे. त्यांनी 'सुम्मा' या ग्रंथात बाह्य वेशातील मर्यादेचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांच्या मते वस्त्रात स्वतःहून दोष नसतो; दोष असतो तो ते वापरणाऱ्याच्या अमर्याद आसक्तीत. ज्या समाजात आपण राहतो त्याच्या रीतीला धरून आहे का, आणि मन त्यात किती गुंतले आहे, या दोन बाजूंनी ते पाहतात. आणि संत ऑगस्टीनचा आधार घेऊन ते पुढे बजावतात, की मळक्या, गबाळ्या कपड्यांतूनही प्रौढी मिरविता येते. अहंकाराला रेशीमच लागते असे नाही, गोणपाटही चालते.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांच्या शालीन वेशाविषयी जो उपदेश आहे, तोही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. तेथे नावानिशी कशाचा निषेध आहे? केसांची गुंफण, सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांचा. प्रेषिताच्या डोळ्यांपुढे उघडे दंड नव्हते. श्रीमंतीचे प्रदर्शन होते, ज्याने प्रार्थनासभेतील गरीब स्त्री ओशाळी होई. शालीनतेचा हा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. एका दिवसाच्या लग्नासाठी कर्ज काढून शिवलेला झगा मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकीत असेल, तरी तीमथ्याच्या पत्राप्रमाणे तो शालीन नाही. दुसऱ्याच्या रुमालाची टाचणी किती किमतीची, हे पाहण्यापूर्वी आपल्या प्रथम परमप्रसादाच्या समारंभातील फ्रॉकची किंमत आठवावी.

आता संमिश्र हेतूंविषयी. त्या मुलीच्या मनात श्रद्धेबरोबर हौस होती, म्हणून तिची श्रद्धा खोटी ठरते काय? आम्ही बारा वर्षांचे असताना आमच्या धर्मग्रामाचे फादर पांढरा झगा घालून सायकलवरून जात. तो वाऱ्यावर उडणारा झगा आम्हांला फार आवडे. आपणही तो घालावा असे वाटे. आमच्या पाचारणाचा आरंभ कोणत्याही उच्च चिंतनातून झाला नाही. त्या झग्यापासून झाला. सेमिनरीच्या वर्षांनी त्यातील हौस हळूहळू बाजूला काढली आणि जे उरायचे ते उरले. कोणी पहिल्याच दिवशी आमच्या हेतूंची झडती घेऊन आम्हांला फाटकातून परत पाठविले असते, तर आज हा लेख लिहिण्यास आम्ही येथे नसतो.

येथे आमचे धर्मग्राम मंडळातील एक ज्येष्ठ सदस्य आम्हांला अडवितात. ते म्हणतात, "फादर, हे सगळे ठीक. पण जेथे त्यांचे बहुमत असते, तेथे ते आपल्या मुलींशी कसे वागतात?" प्रश्न रोखठोक आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. त्यासाठी इंडोनेशियाचे उदाहरण घेऊ. जगातील सर्वांत मोठ्या मुसलमान लोकसंख्येच्या देशांपैकी तो एक आहे आणि तेथे ख्रिस्ती लोकांची संख्याही मोठी आहे.

तेथे १९८२ साली सरकारने शाळांच्या गणवेशाचे नियम केले आणि सरकारी शाळांतून मुलींना डोक्यावर 'जिल्बाब' घेणे अशक्य झाले. अनेक मुलींना शाळा सोडावी लागली, काहींनी खाजगी शाळांचा आश्रय घेतला. सुहार्तो यांच्या त्या राजवटीला धार्मिक राजकारणाचे भय वाटत होते. एका किशोरवयीन मुलीचा रुमाल तिला बंडाचे निशाण वाटला. १९९१ साली नियम बदलून परवानगी देण्यात आली. त्यानंतर ते वस्त्र झपाट्याने पसरले. २०१० साली जाकार्तातील तरुणींनी 'हिजाबर्स कम्युनिटी' नावाचा समूह स्थापन केला. रंग, नक्षी, बांधण्याच्या तऱ्हा यांची लाट आली. हे सगळे राजीखुशीचे होते तोवर त्यात वावगे काही नव्हते.

परंतु सुहार्तो यांची राजवट १९९८ साली संपल्यावर स्थानिक सत्तांना अधिकार मिळाले होते आणि काही ठिकाणी त्यांनी त्याच वस्त्राची सक्ती सुरू केली. पश्चिम सुमात्रातील पाडांग शहरात २००५ साली महापौरांनी तसा आदेश काढला. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहरातील एका सरकारी शाळेने एका ख्रिस्ती विद्यार्थिनीलाही तो रुमाल घेण्यास सांगितले आणि तिच्या पालकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला, की सरकारी शाळांनी धार्मिक पोशाखाची सक्तीही करू नये आणि मनाईही करू नये. मे महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

आमच्या ज्येष्ठ सदस्यांना पाडांगच्या त्या ख्रिस्ती मुलीबद्दल जे वाटते, ते आम्हांलाही वाटते. तिच्या डोक्यावर कोणी कापड लादावे हा अन्याय आहे. पण मग १९८२ साली ज्या मुसलमान मुलींना शाळेबाहेर काढले, त्यांच्यावर झालेला अन्याय वेगळ्या जातीचा होता काय? चाळीस वर्षांत नियम उलटा झाला. फाटकापाशी उभा असलेला अधिकारी मात्र तोच राहिला. इतरांनी आपल्या मुलींशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण त्यांच्या मुलींशी वागावे, असे प्रभूने मत्तयाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. 'ते जसे वागतात तसे' असे तेथे लिहिलेले नाही.

इराणमध्ये हाच खेळ अधिक क्रूरपणे खेळला गेला. जानेवारी १९३६ मध्ये रेझा शाह यांनी बुरख्यावर बंदी आणली. पोलीस भर रस्त्यात स्त्रियांची वस्त्रे ओढू लागले आणि कितीतरी स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९ सालच्या क्रांतीनंतर तेच वस्त्र कायद्याने बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये वस्त्राच्या नियमभंगावरून तेहरानमध्ये ताब्यात घेतलेली बावीस वर्षांची महसा अमिनी कोठडीत कोसळली आणि १६ तारखेला रुग्णालयात मरण पावली. त्यानंतर सहस्रावधी स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांच्यात डोक्यावर वस्त्र घेणाऱ्या स्त्रियाही होत्या. आपण घेतो ते दंडुक्याच्या भयाने घेतो असे समजले जाऊ नये, हीच त्यांची प्रतिष्ठा होती.

लज्जा, विनय, शालीनता हे सद्गुण आहेत आणि सद्गुण दुसऱ्याच्या वतीने पाळता येत नाही. माझ्या वतीने कोणी उपवास करू शकत नाही आणि मुलीच्या वतीने बाप शालीन होऊ शकत नाही. जो कापड लादतो, तो मुलीला गुणी करीत नाही, केवळ झाकतो. जो ते हिसकावतो, तोही तिला मुक्त करीत नाही, केवळ उघडी करतो. दोघेही तिच्याकडून ती गोष्ट घेतात, जी परमेश्वरानेसुद्धा घेतली नाही: स्वतःच्या मनाने त्याला होकार देण्याची मोकळीक. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याचा गाभा हाच आहे. कोणालाही आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध वागण्यास भाग पाडू नये, आणि न्याय्य मर्यादांच्या आत त्या विवेकानुसार वागण्यापासून अडवू नये. एकाच दाराच्या या दोन फळ्या आहेत.

यावर कोणी म्हणेल: चौदा वर्षांच्या मुलीला कसला आला सदसद्विवेक? ती मैत्रिणींच्या नादाने करते, घरच्यांच्या कौतुकासाठी करते. तिची निवड खरी कशावरून?

फाटकापाशी आम्ही दिलेले उत्तर येथे पुन्हा तपासून पाहिले पाहिजे. सिस्टरांचे ते व्रत आहे, असे आम्ही म्हणालो. ते खरेच होते. पण व्रत कसे घेतले जाते? मुलगी मठात आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर कायमचे वस्त्र आले, असे होत नाही. आधी उमेदवारीचा काळ असतो, मग नवदीक्षेचा, मग तात्पुरती व्रते, आणि अनेक वर्षांनी अखेरची. या सगळ्या काळात दार उघडे असते. जी परत जाते, तिला कोणी पतित म्हणू नये, अशी चर्चची शिकवण आहे. आपल्या समाजाने ती नेहमीच पाळली असे मात्र म्हणवत नाही. स्वातंत्र्य म्हणजे कोणाचाही प्रभाव नसणे, असा अर्थ चर्चने कधी केलेला नाही. तसे असते तर तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देता आला नसता. प्रभाव असणारच, प्रश्न आहे तो वेळेचा आणि उघड्या दाराचा.

म्हणजे सिस्टरांचे व्रत हे त्या मुलीला नकार देण्याचे कारण नव्हते. उलट, तिला काय द्यायला हवे होते, हे ते शिकवीत होते: पारखून पाहण्याचा अवधी. हा अवधी देणे दोन दारांच्या हाती असते. एक घराचे दार: उद्या तिने रुमाल काढून ठेवला तर त्या घरात ती पूर्वीसारखीच लेक राहील काय? दुसरे शाळेचे दार: आज तिने रुमाल घेतला तर या वर्गात ती पूर्वीसारखीच विद्यार्थिनी राहील काय? दोन्ही दारे उघडी असतील, तरच तिची निवड तिची ठरेल. तिच्या आईने आपले दार उघडे ठेवले होते. बंद झाले ते आमचे.

कायदा काय म्हणतो? डिसेंबर २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या एका शाळेसंबंधी निकाल देताना, विद्यार्थिनींच्या वैयक्तिक हक्कापेक्षा संस्थेचा आपली शिस्त ठरविण्याचा हक्क वरचढ मानला. कर्नाटकातील प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. एकाने बंदी उचलून धरली; दुसऱ्याने मुलींचे शिक्षण हाच महत्त्वाचा प्रश्न मानला. शाळांना गणवेश हवा, हे आम्हांलाही मान्य आहे. गरीब-श्रीमंत एका रंगात बसावेत यासाठी तो असतो, आणि ओळख पटविण्याच्या किंवा परीक्षेतील तपासणीच्या वेळी चेहरा दिसावा ही अपेक्षाही रास्त आहे. पण कायद्याने हक्क दिला म्हणून तो प्रत्येक वेळी वापरलाच पाहिजे, असे शुभवर्तमान सांगत नाही. आपल्या मिशनरी शाळा या देशात उभ्या राहिल्या त्या मुलींना घराबाहेर काढून वर्गात बसविण्यासाठी. त्याच शाळेच्या फाटकातून एखादी मुलगी परत जात असेल, तर आपण हक्क जिंकून हेतू हरतो.

आणि हे वारे एकाच दिशेने वाहत नाही, याची आठवण ठेवावी. २०१५ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षा पेपरफुटीमुळे पुन्हा घेण्यात आली, तेव्हा पोशाखाचे कडक नियम लागू झाले. मुसलमान विद्यार्थिनींच्या वतीने केलेली याचिका ऐकण्यास २४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. एक दिवस रुमाल न घेतल्याने श्रद्धा नाहीशी होत नाही, असा त्याचा सूर होता. दुसऱ्याच दिवशी तिरुवनंतपुरम येथे एक कॅथलिक धर्मभगिनी परीक्षेला गेली. मस्तकावरील वस्त्र आणि गळ्यातील क्रूस काढण्यास तिने नकार दिला आणि तिला परीक्षा देता आली नाही. आदल्या दिवशी जो प्रश्न 'त्यांचा' होता, तो एका रात्रीत आपला झाला.

आमच्या शाळेतील नियम आता बदलला आहे. गणवेशाच्या रंगाचा साधा रुमाल, चेहरा मोकळा ठेवून, कोणत्याही मुलीला घेता येतो. त्याचबरोबर आम्ही आणखी एक नियम केला आणि तो शिक्षकांना व विद्यार्थ्यांना दरवर्षी जूनमध्ये समजावून सांगतो: रुमाल का घेतेस असे कोणी विचारायचे नाही, आणि का घेत नाहीस, असेही कोणी विचारायचे नाही. दुसरा भाग पाळून घेणे अधिक अवघड जाते. एका वर्षी दोन मुली रुमाल घेत होत्या, तिघी घेत नव्हत्या. नाताळच्या सुट्टीनंतर त्या दोघींपैकी एक मोकळ्या केसांनी आली. वर्ग क्षणभर शांत झाला, मग बाईंनी फळ्यावर गणित लिहिले आणि सगळ्यांनी वह्या उघडल्या. ते ऐकून आम्हांला जितके समाधान वाटले, तितके एखाद्या यशस्वी मिशनसप्ताहानेही वाटले नसेल.

त्या पहिल्या मुलीने पुढे दुसऱ्या शाळेतून दहावी केली, असे कळते. तिच्या आईकडे जाऊन आम्ही क्षमा मागितली. तिने पाणी दिले, चहा केला आणि झाले गेले विसरा म्हणाली. विसरण्याचा अधिकार तिला आहे, आम्हांला नाही. शाळेच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'पालकांच्या विनंतीवरून' हे शब्द अजून तसेच आहेत. जुनी नोंद खोडता येत नाही, असे लेखनिक सांगतात, आणि एका परीने ते बरेच आहे. दरवर्षी जून महिन्यात फाटकापाशी उभे राहण्यापूर्वी आम्ही ते पान एकदा उघडून पाहतो.